दोन दांड्यांची बस

सायखेड्यात बसून ट्रॉलीबसबद्दल लिहायचं म्हणजे गंमतच. आमच्याकडे 'ट्रॉली' म्हटलं की ट्रॅक्टरमागची, कांद्याने भरलेली! पण २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या 'मेट्रो निओ'साठी २,०९२ कोटींची घोषणा झाली आणि जो तो 'देशात पहिल्यांदाच' म्हणू लागला. रबरी टायर, वर विजेच्या तारा... अहो, ही तर ट्रॉलीबसच की! आता ती उन्नत मार्गावरून धावणार होती, एवढं नवं.

११ जून १९६२ ला बेस्टने गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस सुरू केली. योगायोग बघा, लंडनची शेवटची ट्रॉलीबस त्याच वर्षी ८ मे रोजी बंद झाली होती. तिकडे निरोप, इकडे स्वागत! २४ मार्च १९७१ ला आपलीही संपली. पुरती नऊ वर्षंही नाहीत. १९६४ मध्ये गेलेल्या ट्रामची हळहळ अजून ऐकू येते. हिची कोणी आठवणही काढत नाही.

ट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून जातो. टायरवर चालणाऱ्या गाडीला ती सोय नाही, म्हणून वर दोन तारा आणि टपावर दोन दांड्या. दांडी तारेवरून निसटली की गाडी जागीच उभी, मग उतरून ती पुन्हा तारेवर चढवायची. धूर नाही, इंजिनाची घरघर नाही, पण तार सोडून लांब जायची मुभाही नाही.

म्हणूनच मला वाटतं, अशी गाडी नुसती काचेआड ठेवून जपली जात नाही. इंग्लंडमध्ये सँडटॉफ्टच्या संग्रहालयात तारा ताणून जुन्या ट्रॉलीबस खरोखर चालवतात. बेस्टने आणिक आगारात संग्रहालय उभारलं, हे चांगलंच केलं. २०२३ मध्ये जुन्या डबल डेकर गेल्या तेव्हा त्यातली एखादी तरी जपा, अशी मागणी लोकांनीच केली. ट्रॉलीबसच्या वेळी अशी ओरड व्हायला हवी होती. आता निदान दांडी चढवणाऱ्यांच्या आठवणी तरी ध्वनिमुद्रित करा. तेव्हा विशीत असलेला वाहक आज ऐंशीच्या पुढे आहे.

आपल्या नात्यातही गिरगाव-माझगावकडे राहिलेले बरेच जण आहेत. काका-मामा मंडळी, कोणी बसलं होतं का हो त्या बसमध्ये? जुन्या डायरीत एखादं तिकीट सापडलं तर रद्दीत घालू नका, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.