पोपटीची तयारी कार्तिकातच

रायगडात भाताची कापणी झाली की खाचरे मोकळी दिसतात, पण त्यांच्या पोटात पावसाची ओल शिल्लक असते. पेण, अलिबाग, रोहा या भागांतले शेतकरी त्याच ओलीवर वाल पेरतात. खालची ओल आणि रात्रीचे दव, एवढ्यावर हे पीक उभे राहते. पौष-माघात शेंगा भरतात आणि मग एखाद्या संध्याकाळी शेताच्या कडेला मडके येते, पेंढ्याचे भारे येतात, घरची आणि बाहेरची माणसे जमतात. त्या संध्याकाळचे आणि त्या मडक्यातल्या खाण्याचे नाव एकच, पोपटी.

मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवतात. त्यावर जाडे मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधूनमधून बटाटे, रताळी, कोनफळाचे तुकडे, चिरा दिलेली लहान वांगी. शाकाहारी मंडळी इथेच थांबतात. इतरांच्या मडक्यात अंडी आणि केळीच्या पानात गुंडाळलेली, मसाला लावलेली कोंबडीही जाते. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंड पाल्याने घट्ट बंद केले की मडके बहुतेक ठिकाणी उपडे ठेवतात आणि चहूबाजूंनी पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे. पाणी चर्रकन उडून गेले की पोपटी झाली.

या खाण्याचा जीव भांबुर्ड्यात आहे. शेंगा शिजतात त्या स्वतःच्या आणि या पाल्याच्या वाफेवर, आणि पाल्याचा उग्र वास शेंगेच्या सालीतून आत दाण्यापर्यंत पोहोचतो. भांबुर्डा कुणी पेरत नाही. पडीक जागी आणि बांधावर तो आपोआप उगवतो, तोही नेमका वाल शेंगेला येतो त्याच हंगामात. एक पेरलेले आणि एक रानातले, असे दोघे एकाच वेळी हाताशी येतात, म्हणून पोपटी आहे. गुजरातेत वलसाड-सुरतच्या पट्ट्यात होणारे उंबाडियुं याच घराण्यातले. तिथेही मडके, पापडी, कंद आणि रानचा पाला.

आता डिसेंबर लागला की मुंबई-पुण्यात पोपटीच्या जाहिराती फिरू लागतात. माणशी अमुक रुपये, येताना फक्त भूक घेऊन या. या पैशातून गावच्या चार घरांना काम मिळते, ते मिळायलाच हवे. पण जो फक्त मडके फुटताना पोहोचतो, त्याच्या वाट्याला या सोहळ्याचा शेवटचा अर्धा तास येतो. त्याआधीचे तीन महिने हुकतात, आणि मैत्री जमते ती त्या तीन महिन्यांत. पेरणीला एकत्र आलेले, मधल्या रविवारी तण काढायला फिरकलेले, शेंग भरली का हे बोटाने दाबून पाहिलेले लोक जाळाभोवती बसतात तेव्हा त्यांच्याजवळ बोलायला कितीतरी असते. पोपटी आवडते म्हणणाऱ्याने म्हणूनच दिवाळीनंतर एकदा शेतात उतरावे आणि चार ओळी तरी वालाच्या पेराव्यात.

या दिवसांतल्या मित्रमेळाव्याला एकेकाळी शिकारीचीही जोड असे. कापणी उरकलेल्या गावात रानडुकराचा किंवा सशाचा माग काढायचा, हाका घालायचा, मिळालेल्याचे वाटे करायचे, हे अनेक गावांत चाले. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंधने घातली, आणि 1991च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला जागाच उरली नाही. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. हे योग्यच झाले. रान आटत गेले, जनावरे कमी झाली, आणि बंदुकीच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या टिकेल अशी ती मौज राहिलेली नव्हती.

तरी शिकारीतले जे माणसाला खरे ओढून न्यायचे, पहाटे उठणे, पायाखालची जमीन वाचणे, हाती लागेल की नाही याची धाकधूक, ते कायद्याने बंद झालेले नाही. ओहोटीची वेळ बघून खाडीच्या चिखलात तिसऱ्या आणि खुबे वेचणाऱ्या बायकांची नजर कुठल्याही शिकाऱ्याइतकीच तीक्ष्ण असते. कमरेभर पाण्यात उभा राहून पाग फेकणारा माणूस पाण्यावरच्या एका बारीक वळीवरून मासा ओळखतो. आणि ज्याला मासाही नको, त्याने भांबुर्डा शोधायला निघावे. सारखी दिसणारी इतर झुडपे चुकवत, पान चुरगळून वास घेत, पोतेभर कोवळा पाला जमवायला निम्मी दुपार जाते. त्यात जाणत्या माणसाला सोबत घेणे आलेच.

घाटावर हुरड्याने पोपटीचीच वाट जरा वेगळ्या रीतीने धरली आहे. भाद्रपद-आश्विनात पेरलेली रब्बी ज्वारी पौषात दुधावरून चिकात येते, तेव्हा गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजतात, गरम कणीस तळहातावर चोळून दाणे काढतात आणि गूळ, दही, लसणाची चटणी यांच्याबरोबर खातात. गुळभेंडी, सुरती ही त्यासाठीची जुनी वाणे. पुढे कृषी विद्यापीठांनी खास हुरड्यासाठी वाण काढले. राहुरीचे फुले मधुर आणि परभणीचे परभणी वसंत ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. हुरड्याला मागणी आली, तसे हुरड्याचे पीकही राखून केले जाऊ लागले. ज्वारीला ते लाभले, वालालाही लाभावे.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकण वाल 1 आणि कोकण वाल 2 ही वाणे दिली आहेत, म्हणजे बियाण्याची अडचण नाही. अडचण कापणीनंतरच्या मोकाट गुरांची आहे. भात निघाले की गुरे सोडायची ही जुनी रीत. त्यात गावातल्या एकट्यादुकट्याने वाल पेरला तर तो गुरांच्या पोटात जातो. शेजारच्या पाचजणांनी एकाच पट्ट्यात पेरले तर राखण वाटून घेता येते, कुंपणाचा खर्च विभागला जातो. वाल हे द्विदल पीक, मुळांच्या गाठींतून जमिनीत नत्र धरणारे. त्याचा उपयोग पुढच्या भाताला होतो. तरीही दरवर्षी कितीतरी खाचरे भातानंतर तशीच पडून राहतात, आणि काही तर फार्महाऊसच्या कुंपणाआड जातात.

इथे शहरातल्या मित्रमंडळाला काम आहे. चार-पाच कुटुंबांनी ओळखीच्या शेतकऱ्याशी दिवाळीपूर्वीच बोलून दोन-तीन गुंठ्यांचा वाल ठरवून घ्यावा, बियाणे, मजुरी आणि राखणीचे पैसे पेरणीच्या दिवशीच त्याच्या हातावर ठेवावेत. पीक आले तर शेंगा, नाही आले तर नुकसान सर्वांचे. अवकाळी पाऊस आला, मावा पडला तर तोटा एकट्या शेतकऱ्याच्या माथी जाऊ नये, हा या व्यवहाराचा गाभा. हिरव्या शेंगा पोपटीला काढून उरलेल्या झाडावरच वाळू द्याव्यात. त्या कडव्या वालाचे बिरडे पुढच्या श्रावणात त्याच कुटुंबांच्या ताटात येते. थोडे बी बाजूला ठेवले तर पुढची पेरणीही घरचीच.

ज्यांना गाव नाही त्यांनी गच्चीवर दोन मोठ्या कुंड्या घ्याव्यात. बी रात्रभर भिजवून वीतभर अंतरावर लावावे, दिवसभर ऊन लागेल अशी जागा द्यावी, पाणी बेताचे घालावे. दोन कुंड्यांत अख्खे मडके भरणार नाही. पण पोपटीला निघताना आपल्या हातच्या ओंजळभर शेंगा पिशवीत असतील, आणि त्या मित्राच्या मडक्यात इतरांच्या शेंगांबरोबर भांबुर्ड्यावर पडतील.