श्रद्धेला विज्ञानाचं सर्टिफिकेट कशाला?

इथे अमेरिकेत सण जवळ आला की मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरावीक मेसेज फिरू लागतात. तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते, घंटानादाने मेंदूचे दोन्ही भाग जुळतात, आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं आणि आता ‘नासा’नेही ते मान्य केलंय! पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परदेशात वाढणाऱ्या मुलांना आपल्या परंपरेचा अभिमान वाटावा, एवढंच त्याला हवं असतं. पण हा रस्ता चुकीचा आहे. विज्ञानासाठी तर आहेच, धर्मासाठीही आहे.

हा मोह फक्त आपल्यालाच होतो असं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने २००४ मध्ये ठराव केला की, जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीला पर्याय म्हणून ‘इंटेलिजंट डिझाइन’चा, म्हणजे सजीवांमागे कुणीतरी बुद्धिमान रचनाकार आहे या कल्पनेचा, उल्लेख करायचा. अकरा पालक कोर्टात गेले. या कल्पनेचे मोठे पुरस्कर्ते प्राध्यापक मायकेल बीही यांना उलटतपासणीत कबूल करावं लागलं की, त्यांची ‘वैज्ञानिक सिद्धान्ता’ची व्याख्या धरली तर फलज्योतिषही त्यात बसेल! पालकांच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिलेले जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर मात्र स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. देव मानायला त्यांना उत्क्रांती नाकारावी लागली नव्हती. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की, इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही.

आता आपल्याकडे या. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञान’ शिकवायची योजना आणली. तिला विरोध करणाऱ्यांत डॉ. जयंत नारळीकर होते. ते नुसता विरोध करून थांबले नाहीत. पुढे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साथीने पुण्यात त्यांनी सरळ चाचणीच घेतली. हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा दोन्हींच्या कुंडल्या ज्योतिषांना दिल्या. कुठली कुंडली कुठल्या मुलाची, एवढंच ओळखायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर किती? सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे जी टेस्ट कधी फेल होऊच शकत नाही, तिला काही किंमत नसते. विज्ञानाचंही तेच. ‘मी चुकलो तर कसं कळेल?’ हे आधी सांगावं लागतं. तुळशीच्या ऑक्सिजनचा दावा केलात की तो तपासला जाणारच. इथली बारा वर्षांची मुलगी फोन काढून दहा सेकंदांत तपासते. दावा खोटा निघाला की ती फक्त मेसेज डिलीट करत नाही. आई-बाबा सांगतात ते सगळंच असं असणार, हेही मनात धरते. मग तुळशीसमोर दिवा लावताना आजीला काय वाटायचं, हे ऐकायला ती थांबत नाही. नुकसान कुणाचं झालं?

वारकरी पंढरपूरला चालत जातो, ते चालल्याने कोलेस्टेरॉल कमी होतं म्हणून नाही. तुकोबांचे अभंग लोक जवळ करतात, तेही कुठल्या प्रयोगशाळेने पास केले म्हणून नाही. त्यांचं मोल वेगळं आहे: दुःखात धीर, वागण्याला वळण, माणसांची सोबत. त्यावर विज्ञानाचा शिक्का मारायला गेलं की आपणच कबूल करतो की, शिक्क्याशिवाय त्याला किंमत नाही.

याचा अर्थ धर्माच्या नावावरचं सगळं तपासणीतून सुटतं, असा नाही. औषध म्हणून काही दिलं, पत्रिका बघून लग्न मोडलं, तर तिथे पुरावा मागायलाच हवा. भाव जपायचा आणि दावा तपासायचा, एवढा साधा फरक आहे.

म्हणून यंदा गणपतीत मुलांनी ‘हे का करायचं?’ असं विचारलं, तर नासाला मध्ये आणू नका. ‘आम्हाला आवडतं, आजी-आजोबांची आठवण येते, सगळे एकत्र जमतात,’ असं खरं उत्तर द्या. आणि ‘मूर्तीत खरंच देव असतो का?’ असं विचारलं, तर तुम्हाला जे मनापासून वाटतं ते सांगा. वाद घातला तर घालू द्या. त्यानंतरही मोदक गोडच लागतील!