जग जिंकायला निघालेलं किराणा दुकान

पिंपळगाव रेणुकाईची मिरची देशाबाहेर जाते. त्यासाठी गावात आजवर कुणी एकही स्लाइड दाखवलेली नाही. भोकरदन तालुक्यातलं हे गाव हंगाम लागला की दुपारपासून ठसक्यात असतं. चाकं असलेलं जे काही तालुक्यात आहे, ते गोण्या लादून रस्त्याला लागतं. परराज्यातले व्यापारी मुक्काम ठोकून असतात. गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठभर मिरची वर काढायची, एक मोडून बघायची, देठ हिरवा आहे की मान टाकलीय ते पाहायचं आणि भाव बोलायचा. शेतकरी म्हणतो, एवढ्यात तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही. व्यापारी म्हणतो, मग घेऊन जा घरी. दोघंही शिंकतात आणि सौदा होतो. रात्री ट्रक सुटतो. त्यातला काही माल बांगलादेशाकडे, काही आखाताकडे. याला कुणी ‘आंतरराष्ट्रीय विस्ताराची रणनीती’ म्हणत नाही, कारण यात सल्लागाराची फी नाही.

फी असली की काय होतं ते बघायचं तर वॉलमार्टकडे बघा. जगातलं सगळ्यात मोठं किराणा दुकान. १९९७ साली या दुकानाला जर्मनीत दिग्विजय करायची हुक्की आली. आधी २१ दुकानं घेतली, पुढच्या वर्षी आणखी ७४. सकाळी नोकरांना ओळीत उभं करून कंपनीच्या नावाचा जयघोष करायला लावला. गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं, असा हुकूम. आता जर्मन माणूस दूध घ्यायला येतो, प्रसन्न व्हायला नाही. अनोळखी पोरगी आपल्याकडे बघून का हसतेय, हे काही पुरुष गिऱ्हाइकांना कळेना. त्यांनी भलताच अर्थ काढला म्हणे. वर नोकरांच्या आपसातल्या प्रेमप्रकरणांसाठीही आचारसंहिता आणली, ती २००५ साली तिथल्या कामगार न्यायालयानं उडवून लावली. दूध, साखर, पीठ खरेदीपेक्षा कमी भावात विकून शेजारच्या दुकानदाराला संपवायचा हातखंडा प्रयोग केला, तर तिथल्या सरकारी खात्यानं त्यालाही मनाई केली. आणि गंमत म्हणजे स्वस्ताईत आल्डी नावाचा घरचाच दुकानदार यांच्या वरताण निघाला. २००६ साली उरलेली ८५ दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीच्या गळ्यात घालून स्वारी परतली. खड्डा सुमारे १०० कोटी डॉलरचा.

त्याच वर्षी दक्षिण कोरियातली १६ दुकानंही विकली. ब्रिटनमधलं ॲस्डा १९९९ साली घेतलं होतं. ते २०२१ साली इसा नावाच्या दोन भावांनी आणि त्यांच्या भागीदार कंपनीनं घेतलं. हे इसा बंधू पेट्रोल पंपवाले, आणि त्यांचे आईबाप मूळचे गुजरातेतले! दुकानदारी शिकवायला निघालात ती नेमकी कुणाला, हे एकदा नकाशात बघून तरी घ्यायचं होतं. जपान, ब्राझील, अर्जेंटिना इथलाही बहुतेक कारभार असाच दुसऱ्याच्या हवाली झाला. मेक्सिकोत मात्र दुकान धो धो चाललं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिथं १९९१ साली एका स्थानिक कंपनीचं बोट धरून शिरले होते. एवढं उघड कारण समोर असताना बाकी ठिकाणी बोट का सोडलं? साहेब, एवढ्या साध्या प्रश्नाला व्यवस्थापनशास्त्रात जागा नसते.

मग आपली पाळी. २००७ साली भारती या इथल्या कंपनीबरोबर संसार थाटला. २००९ साली अमृतसरला ‘बेस्ट प्राइस’ नावाचं पहिलं दुकान उघडलं. पुढे तेव्हाच्या औरंगाबादेतही आलं, म्हणजे आमच्या अगदी उंबऱ्यापर्यंत. पण आत शिरायला दुकानाचा परवाना हवा, कारण यांना घाऊक विक्रीलाच मुभा होती. सामान्य माणसानं बाहेरून पाटी वाचावी आणि जागतिकीकरणाचं पुण्य पदरात पाडून घ्यावं.

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारनं किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय भांडवलाला दार उघडलं, आणि काय तो आनंद! शेतकऱ्याच्या मानगुटीवरचा दलाल जाणार. शीतगृहं येणार. महाराष्ट्र सरकार होकार देणाऱ्यांच्या पंगतीत पुढे. समोरच्या बाजूला तेवढाच आक्रोश: कोपऱ्यावरचा वाणी देशोधडीला लागणार, ईस्ट इंडिया कंपनी परत येणार. डिसेंबरात लोकसभेत मतदान झालं, २५३ विरुद्ध २१८. समाजवादी पक्ष आणि बसप यांनी निर्णयावर कडाडून टीका केली आणि मतदानाची वेळ आली तेव्हा उठून बाहेर गेले. विरोध असावा तर असा, सरकारला ठेच लागणार नाही इतका जपून केलेला.

दार तर उघडलं. आत कोण आलं? ब्रिटनचं टेस्को. टाटांच्या ट्रेंटबरोबर, ११ कोटी डॉलर घेऊन. संपली यादी. वॉलमार्ट म्हणालं, ३० टक्के माल छोट्या उद्योगांकडून घ्यायची अट आम्हाला परवडत नाही. जरा थांबा, हे वाक्य पुन्हा वाचा. छोट्याचं कल्याण करायला निघालेल्या कंपनीला छोट्याकडून माल घेणंच अवघड वाटलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये भारतीशी काडीमोड झाला. २० घाऊक दुकानं पदरी आली आणि दिग्विजयाचा घोडा पाच वर्षं जवळजवळ त्याच खुंट्याला बांधून राहिला.

पण सगळ्यात खमंग भाग पुढेच आहे. दलाल हटवणार म्हणाले होते ना? २०१९ साली याच कंपनीनं अमेरिकी सरकारला सुमारे २८ कोटी डॉलर मोजून एक प्रकरण मिटवलं. मेक्सिको, भारत, ब्राझील आणि चीन इथं परवाने वगैरे मिळवण्यासाठी जे मध्यस्थ नेमले, त्यांच्यामार्फत सरकारी माणसांपर्यंत पैसा जात होता आणि कंपनीनं त्यावर पुरेसा वचक ठेवला नाही, असा ठपका होता. मध्यस्थ! म्हणजे पिंपळगावच्या बाजारातला अडत्या हा शेतीचा कर्करोग, आणि परवान्याच्या खिडकीशी यांच्या वतीनं उभा राहणारा तो कोण? सल्लागार, बरं का.

आमचा अडत्या काही संत नाही. दुपारी एक भाव आणि संध्याकाळी आवक वाढली की दुसरा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हमाली, तोलाई, कडता या नावांनी शेतकऱ्याची गोणी कशी हलकी होते, तेही ठाऊक आहे. त्याचा गळा धरायला आम्ही कधीही तयार आहोत. पण तो उन्हात उभा असतो, त्याचं घर कुठे ते माहीत असतं आणि पैसे बुडवले तर दारात जाऊन शिव्या देता येतात. वॉलमार्टच्या मुख्यालयात, बेंटनव्हिलला, शिव्या द्यायला जायचं म्हणजे व्हिसा लागतो.

आता राष्ट्रप्रेमी मंडळींचं काय झालं ते बघा. २०१४ च्या जाहीरनाम्यात भाजपनं छातीठोक सांगितलं: परकीय भांडवल गरज असेल तिथे चालेल, बहुब्रँड किरकोळ विक्रीत मात्र नाही. २०१८ च्या मे महिन्यात, त्यांच्याच राज्यात, वॉलमार्टनं फ्लिपकार्ट या ऑनलाइन कंपनीचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६०० कोटी डॉलरला विकत घेण्याचा करार केला. दुकान नव्हेच ते, ‘बाजारमंच’! स्वतःचा माल नाही, फक्त विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून द्यायची आणि मध्ये आपलं कमिशन घ्यायचं. या धंद्याला पिंपळगावात काय म्हणतात, ते चाणाक्ष वाचकाला सांगायला नको. ईस्ट इंडिया कंपनीची आठवण या वेळी फारशी कुणाला झाली नाही. ‘बेस्ट प्राइस’ची घाऊक दुकानं २०२० साली फ्लिपकार्टच्याच पोटात गेली. आणि जर्मनीत यांची दुकानं घेणारं मेट्रो? तेही २००३ पासून भारतात हात पोळून घेत होतं. अखेर आपला इथला पसारा २,८५० कोटी रुपयांना रिलायन्सला देऊन निघून गेलं. फ्रान्सचं कारफूर तर २०१० ला आलं आणि २०१४ ला गेलं. एवढ्या घाईनं आमच्याकडचा व्याहीसुद्धा जात नाही.

एवढ्या धुळवडीत दलाल आहे तिथेच आहे. वाणीही आहे तिथेच आहे, फक्त आता तो माल मोबाइलवरून मागवतो. भाकीत करणारे दोन्ही बाजूंचे विद्वान मात्र नव्या विषयावर भाकितं करत आहेत आणि त्यांना मानधन वेळेवर मिळतं.

तेव्हा पुढच्या खेपेला कुणी गुळगुळीत बूट घालून ‘दलाल हटवून थेट शेतातून जगात’ असं काही सांगत आला, तर त्याला हाकलू नका. चहा पाजा. आणि विचारा: उद्या दुपारी माझ्या दहा गोण्यांना काय भाव देणार, कडता किती धरणार, पैसे रोख की महिन्यानं? उत्तर देण्याऐवजी त्यानं लॅपटॉप उघडला, तर चहाचे पैसे त्याच्याकडून घ्या.