जिवाचं टोकन

रविवार उजाडला की अर्धं नाशिक हरिहर गडावर! कातळात खोदलेल्या पायऱ्या जवळपास ८० अंशांत उभ्या, रुंदी जेमतेम एका माणसापुरती. बोटं रोवायला कडेला खोबण्या आहेत. पण दोन्ही हात मोबाइलला दिल्यावर खोबण्यांनी तरी काय करावं? १८१८ साली इंग्रजांनी कित्येक गडांच्या वाटा उडवल्या. ही वाचली, ती काय आपल्या रेटारेटीसाठी? म्हणे, 'गड सगळ्यांचा, अडवणारे तुम्ही कोण?' अहो, बँकही सगळ्यांचीच! तरी पन्नास रुपयांसाठी आम्ही भल्याभल्यांना टोकन देऊन बाकावर बसवलंय. मग जिवाच्या व्यवहाराला रांग नको? पायथ्याशी मोजून माणसं सोडा. आधी उतरणारे, मग चढणारे. गड कुठं जात नाही. जातो तो माणूस.