ट्रक, वळकटी आणि कोरडे मोजे

जून लागला की आमच्या टीममध्ये दोन गोष्टी हमखास होतात. रिलीजची तारीख पुढे जाते आणि पवना धरणाच्या काठी तंबूत राहायचे बेत शिजायला लागतात. बेत शिजता शिजता चर्चा नेहमी एकाच जागी अडकते. तंबू कुठला घ्यायचा? तीन हजार एमएमवाला की पाच हजार? (कापड किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं त्याचा हा आकडा. दुकानदार तो असा सांगतो जणू रॅम विकतोय.)

माझं मत विचाराल तर सामान कोरडं राहणं हे तंबूच्या किमतीवर फारसं अवलंबून नसतंच. कुठली वस्तू कुठे ठेवलीय आणि कुठल्या क्रमाने बाहेर निघणार, यावर ते असतं.

मी इंदापूर तालुक्यातल्या कळंबचा, म्हणजे वालचंदनगरच्या शेजारचा. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर करत येते, बेलवाडीला रिंगण होतं, मग लासुर्णे, अंथुर्णे आणि पुढे इंदापूर. लहानपणापासून आम्ही ती बघायला जातो. लोक टाळ-मृदंग बघतात, मला मात्र दिंडीचे ट्रक बघायचा नाद. देहू ते पंढरपूर, दोन आठवड्यांहून जास्त मुक्काम उघड्यावर, तोही ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. आपल्यापैकी कोणी केलंय एवढं लांब कॅम्पिंग?

तर तो ट्रक म्हणजे चक्क स्टॅक असतो हो! जे शेवटी चढलं ते आधी उतरतं. मुक्कामाला पोचल्यावर सगळ्यात आधी काय लागणार? राहुट्या, खुंट्या, दोर. म्हणून सकाळी ते सगळ्यात शेवटी चढतं. वळकट्या आत, ताडपत्रीखाली. आता आपली सॅक आठवा. तंबू जड म्हणून तळाशी, चिवडा आणि चार्जर वर. मग भर पावसात तंबू काढायला आधी सगळं बाहेर, चिखलात. पाच हजार एमएमचं कौतुक तिथेच संपलं.

सॅकच्या रेनकव्हरचंही तेच. ते पाठीच्या बाजूने उघडं असतं, आणि पाणी मानेवरून ओघळत नेमकं तिथूनच आत शिरतं. त्यापेक्षा सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, झोपायचं सगळं तिच्यात, तोंड पिळून बांधा. वारकरी वळकटी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळतो तेच हे, फक्त तो त्याला ‘ड्राय बॅग’ म्हणत नाही :)

कपड्यांचे दोन जोड पुरतात, एक चालायचा आणि एक झोपायचा. झोपायचा जोड, मोज्यांसकट, चालताना बाहेर काढायचाच नाही. सकाळी ओला शर्ट परत अंगावर चढवायला जिवावर येतं, मान्य. पण दोन्ही भिजवून बसलात की रात्र गेली. दिंडीतल्या दोन बायका ओल्या नऊवारीची दोन टोकं धरून चालताना मी बघितल्यात. वाऱ्यावर चालता चालता पातळ वाळतं. याहून हलका ड्रायर अजून निघालेला नाही.

मातीबद्दल आमच्याकडच्या माणसाने बोलायलाच पाहिजे. काळी माती ओली असताना पुसली की पसरते आणि शिवणीत जाऊन बसते. तिला वाळू द्या, मग झटका, निम्मी आपसूक गळून पडते. चुलीवर टोप ठेवणार असाल तर आधी बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा पातळ लेप द्या. काजळी लेपासकट निघून येते. आजीची युक्ती आहे, ट्रेकला शंभर टक्के चालते.

वारीत सगळंच आदर्श असतं असं मात्र नाही. दिंडीचं सामान लखलखीत असतं, पण दिंडी उठून गेल्यावर शेतात पत्रावळ्या आणि प्लास्टिक राहतं, आणि ते गाव उचलतं. २०१५ पासून ‘निर्मल वारी’मुळे शौचालयांची सोय झाली हा मोठाच फरक, पण कचऱ्याचं काम संपलेलं नाही. शिवाय ती सगळी शिस्त कोणाच्या तरी पाठीवर असते. ट्रकबरोबर पुढे जाऊन चिखलात खुंट्या ठोकणारी पोरं टीव्हीवर दिसत नाहीत.

आपल्या तयार कॅम्पांचंही तसंच. गेल्या जुलैत आम्ही गेलो ती जागा (नाव घेत नाही) दिसायला झकास होती, पण स्लीपिंग बॅगांना कुबट वास. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणाला, “दादा, शनिवारची बॅच जाते तोवर रविवारची येते. वाळवायला दिवसच मिळत नाही.” त्याच्यावर काय चिडणार? तंबू किंवा बॅग ओली घडी करून ठेवली की बुरशी धरते, नायलॉनच्या तंबूचा आतला थर चिकट होऊन सोलपटायला लागतो. त्यावर इलाज एकच, वाळवणे, आणि त्याला वेळ लागतो. पावसात तर फारच लागतो. आठशे-हजार रुपयांत जेवण, शेकोटी आणि गाणी बसवायची म्हटल्यावर त्या वेळेचे पैसे कोणीच धरत नाही, ना मालक, ना आपण. आणि वर आपण चिखलाचे बूट घालून तंबूत शिरतो, कारण ‘पैसे दिलेत ना’!

त्यामुळे हल्ली बुकिंग करताना मी मेन्यू नंतर विचारतो. आधी विचारतो, बॅगा शेवटच्या कधी वाळवल्या होत्या. तिघांनी फोनच ठेवून दिला. चौथा म्हणाला, “सर, बुधवारपासून शेडमध्ये पसरल्यात, या.” दर माणशी दोनशे रुपये जास्त घेतो तो. या शनिवारी तिथेच जातोय. बूट तंबूबाहेर काढायचे हे ग्रुपवर आधीच टाकलंय, आणि त्यावर अजून कोणी अंगठा दिलेला नाही.