पाय पाळण्यात दिसत नाहीत

“मुलाचे पाय पाळण्यात दिसतात” ही म्हण आपल्या लोकांच्या तोंडी इतकी बसली आहे की, ती खरी की खोटी हे तपासण्याचे कष्ट कोणी घेत नाही. पोर गणितात चुकले की बाप म्हणतो, “आमच्या घराण्यात ते डोकेच नाही”; आणि शेजाऱ्याचे पोर पहिले आले की म्हणतो, “त्यांना ते उपजतच!” आमच्या मते शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या मुलांचे या समजुतीने जेवढे नुकसान केले, तेवढे अवर्षणानेही केले नसेल. अवर्षण वर्षा-दोन वर्षांत सरते. ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या घरात मुक्काम ठोकून बसते.

नवल असे की, स्वतःच्या धंद्यात हाच बाप असे कधी बोलत नाही. पहिल्या दिवशी रंधा वाकडा चालला म्हणून सुतार आपल्या पोराला “तुझ्या हातात गुण नाही” असे सांगून घरी बसवितो काय? तो त्याच्या हातावर हात ठेवतो, कोठे दाबावे व कोठे सैल सोडावे हे दाखवितो, आणि एक फळी वाया गेली तर दुसरी देतो. नांगराचे तास सरळ येण्यास किती पावसाळे खर्ची पडले, हे शेतकऱ्यास पक्के ठाऊक असते. मग पोराच्या हाती पाटी-पेन्सिल आली की हे सारे शहाणपण जाते कोठे?

घाटकोपरच्या चिराग नगरातील एका झोपडीत राहून लिहिणारे अण्णाभाऊ साठे आठवा. वाटेगावी 1920 साली मातंग घरात त्यांचा जन्म झाला. शाळा म्हणाल तर अवघी दीड दिवसाची. मुंबईस आल्यावर दुकानांच्या पाट्या व सिनेमाच्या जाहिराती वाचून त्यांनी अक्षरांशी ओळख केली. पुढे गिरणीतील काम, पोवाडे, वगनाट्ये, कथा असे करीत 1959 साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली व 1961 साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. अशा माणसास लोक “दैवी देणगी” म्हणून मोकळे होतात. हा त्यांना गौरव वाटतो. आम्हांस तो अन्याय वाटतो. पाटीवरच्या अक्षरापासून कादंबरीपर्यंतचे वीस-पंचवीस वर्षांचे श्रम त्या एका शब्दाने पुसून टाकले जातात.

परंतु केवळ श्रमाचे गोडवे गाऊन आम्ही थांबणार नाही. श्रम करण्याची संधी कोणास मिळते, हा खरा प्रश्न आहे. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबणारे चर्मकार समाजातील पाळवणकर बाळू हे तेथील साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. ग्रेग नावाचा साहेब आपणांस बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. शेकडो तास चेंडू टाकून बाळूंचा हात असा तयार झाला की, 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. मात्र त्या क्लबात फलंदाजी करण्यास त्यांना एकदाही मिळाले नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम, बॅट ही साहेबाची! बाळू मोठे गोलंदाज झाले, त्याच तोडीचे फलंदाज झाले नाहीत. हा जन्माचा दोष म्हणावा, की हातात काय दिले याचा परिणाम?

याची दुसरी बाजू आपल्या बोरिवलीत पाहा. 1999 साली आजीआजोबांकडे राहणारा एक बारा वर्षांचा मुलगा ऑफस्पिन टाकताना दिनेश लाड या शिक्षकांनी पाहिला. त्यांच्या शाळेची महिना 275 रुपये फी घरच्यांना झेपणारी नव्हती. लाडांनी शाळेस गळ घालून ती माफ करविली. पुढे त्या मुलाची बॅट कशी चालते हे त्यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी त्यास सलामीस धाडले. तो मुलगा रोहित शर्मा. 2014 साली कोलकात्यास एका दिवसाच्या सामन्यात त्याने 264 धावा काढल्या. बॅट हातात आली, फी माफ झाली, पाहणारा शिक्षक भेटला. मग सराव फळास आला. यांतील एक जरी कडी तुटली असती, तर लोक म्हणाले असते, “त्याच्यात ते नव्हतेच!”

सराव म्हणजे काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत एका साधारण विद्यार्थ्यास रोज आकडे ऐकवून तसेच म्हणावयास लावले. आरंभी त्यास सातच आकडे आठवत. 230 तासांच्या सरावानंतर, 1980 साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणे, तो 79 आकडे बिनचूक म्हणू लागला. पण आकड्यांऐवजी अक्षरे देताच गाडी पुन्हा सहावर आली. म्हणजे बुद्धीचा साठा वाढला नव्हता. त्या एका कामाची युक्ती हाती आली होती. ज्याचा सराव, त्याचीच सिद्धी. आणि चूक कोणी दाखविली नाही, तर चाळीस वर्षे तीच चूक घोटणाराही अडाणीच राहतो.

कोणी विचारील, जन्माचे काहीच नाही काय? आहे. उंची, दृष्टी, गळा हे सर्वांना सारखे मिळत नाहीत. 2014 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहता, खेळ व संगीत यांत माणसामाणसांतील फरकाचा पाचवा ते चौथा हिस्साच सरावाच्या तासांनी उलगडला. बाकीच्यात शरीर आले, वय आले, गुरू आला, घरची चूलही आली. परंतु जन्म बदलणे आपल्या हाती नाही. सराव, गुरू व सवड देणे हाती आहे. हाती असलेले टाकून हाती नसलेल्यासाठी रडत बसणे हे कोणत्या शहाण्याचे लक्षण?

म्हणून आमचे बंधुभगिनींस सांगणे एवढेच : “डोके नाही” हे शब्द घरातून हद्दपार करा. पोराचे गणित चुकले तर नेमके कोठे चुकले ते विचारा. तुम्हांस येत नसेल तर वस्तीतील शिकलेल्या पोरीकडे त्यास बसवा. घरच्या मुलीला भांड्यांवरून उठवून रोज एक तास तिचा तिला द्या. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जेथे मुलांचे मैदान वा अभ्यासिका कोणी गिळू पाहील, तेथे दहा घरांनी मिळून जाब विचारा. कारण ज्याचे मैदान गेले, त्याचा सराव गेला, आणि उद्या त्याच्याच कपाळी “गुण नाही” असा शिक्का बसावयाचा आहे. पाळण्यात पाय दिसत नाहीत. दिसतो तो फक्त पाळणा, आणि तो कोणाच्या घरचा आहे एवढेच!