नाव घातलेले घंगाळ

चोरबाजाराला चोरबाजार का म्हणतात, हे सांगणारे मुंबईत पैशाला पासरी मिळतात. मूळ शब्द ‘शोरबाजार’, साहेबाच्या जिभेवर त्याचा ‘चोर’ झाला, ही एक कथा. व्हिक्टोरिया राणीचे चोरीस गेलेले व्हायोलिन इथेच सापडले, ही दुसरी. राणीसाहेबांनी उभ्या आयुष्यात हिंदुस्थानात पाऊल ठेवले नव्हते, ही अडचण कथेकऱ्यांना कधी जाणवलेली नाही. मराठीच्या मास्तराने अशा व्युत्पत्तीत रमायचे. पण मी तिथे गेलो तो भाव काढायला.

त्याचे असे झाले, की आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. माळा रिकामा करायचा. माळ्यावर आईच्या तांब्यापितळेचे एक भलेमोठे पोते. “मोडीत घालून टाकू,” असे घरात बहुमताने ठरले. आई काहीच बोलली नाही, आणि तेच मला जड गेले.

शुक्रवारी पहाटे तिथे रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार भरतो. मटण स्ट्रीटची दुकाने मात्र त्या दिवशी बंद. म्हणून मी बुधवार धरला. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत गेलो. काय नाही तिथे! कर्णे असलेले ग्रामोफोन, हंड्याझुंबरे, थांबलेली घड्याळे, सिनेमाची जुनी पोस्टरे, मोटारीचे सुटे भाग. एका तबकड्यांच्या ढिगापाशी मी अर्धा तास उकिडवा बसलो. जवळच भेंडीबाजार. १८९० च्या सुमारास छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या बंधूंनी तिथे आपल्या गायकीचे घराणे वसवले. आपल्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांच्या शिष्या. पुढे छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लताबाईही काही काळ शिकल्या. ज्या पेठेने गाण्याला नाव दिले तिथल्या जुन्या चाळी पाडून आता मनोरे चढताहेत. म्हणजे माळे रिकामे करणारे आम्ही एकटे नव्हे.

दुपारी एका दुकानात तांब्याचे घंगाळ दिसले. कडेला ठिपक्याठिपक्यांची अक्षरे. चष्मा पुसून वाचले: चि. सौ. कां. अमकी हिस आत्याकडून, शके १८७५. कुणाच्या तरी लग्नातला आहेर! किंमत विचारली. दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून मी घंगाळ हलकेच खाली ठेवले.

“आणि आमच्या घरचे असेच आणले तर?”

“तोल के लेंगे, मास्तर. तांबे का जो भाव होगा, वो.”

“आणि हे नाव?”

“नाम का क्या? घिस जाता है.”

घेताना वजन आणि विकताना इतिहास, असा हा व्यवहार. त्यात त्या बिचाऱ्याची लबाडी नाही. नाव वाचणारे माणूस घरात उरले नाही, की घंगाळ नुसते तांबे होते. आणि ते आपण आपल्या हातानेच करतो.

संध्याकाळी घरी येऊन मी पोते खाली काढले. आईला चटईवर बसवले, मुलांना भोवती. ती एकेका भांड्यावरून बोट फिरवून सांगू लागली. हा गडू तिच्या मामाने दिलेला. ही परात माझ्या मुंजीतली. या तांब्याच्या बदल्यात एकदा दुष्काळी साली ज्वारी येणार होती, पण आजीने तो दिला नाही. हे मी पंचेचाळीस वर्षांत ऐकले नव्हते. धाकटी वहीत लिहून घेत होती. अखेर पाच भांडी ठेवायची ठरली, बाकीची मोडीत. निवड आईने केली. परात तिने मोडीत टाकली आणि गडू ठेवला. मी गप्प बसलो.

वाचकहो, दिवाळीची आवराआवर तुमच्याही घरी चालू असेल. मोडवाल्याला हाक जरूर मारा. नव्या घरांना माळे नसतात, हे मलाही कळते. फक्त त्याने तराजू काढण्यापूर्वी घरातल्या वडील माणसाला भांड्यांवरची नावे एकदा मोठ्याने वाचायला सांगा.